घर द्या, घराचा चेहरा देऊ नका

ताई,
बाबा गेल्यापासून आई (वय 72) आमच्या जुन्या घरात एकटीच राहते. घर दुमजली, लाकडी जिन्याचं, पुढे लांब पडवी. कुंपण कंबरेएवढं, पलीकडे लगेच रस्ता. मागच्या महिन्यात एक लोकेशन मॅनेजर येऊन फोटो काढून गेले आणि आठ दिवसांनी दिग्दर्शकाला घेऊन रेकीला, म्हणजे जागेच्या पाहणीला आले. नव्या मालिकेतलं मुख्य कुटुंब जिथे 'राहतं' ते घर म्हणून त्यांना आमचं घर हवंय. पडवी, दिवाणखाना, जिना आणि स्वयंपाकघर. 'सुरुवातीला सहा महिने, पुढचं टीआरपीवर' असं म्हणाले. रक्कम चांगली आहे. भाऊ म्हणतो, छपराचा खर्च निघेल, नाही म्हणणं म्हणजे वेडेपणा. आई तर हरखून गेली आहे. रोज संध्याकाळी मालिका बघते, आता मालिकाच घरी येणार! मला मात्र झोप नाही. आजोबांनी बसवलेली फरशी, जिन्याचे कठडे, आणि त्यावरून शंभर माणसं बूट घालून फिरणार. नाही म्हटलं तर आईचा आनंद हिरावला जातो, हो म्हटलं तर घर हातचं जातं. घर तिघांच्या नावावर आहे, माझ्या सहीवाचून काही होत नाही. काय करू?
– सही अडलेली

तुमची सही अडली आहे हे बरंच झालं. अजून पंधरा दिवस अडू द्या. लोकेशन मॅनेजर रोज फोन करतील, 'दुसरं घरही बघून ठेवलंय' असंही सांगतील. ठेवलंच असेल, ते त्यांचं कामच आहे. पण दिग्दर्शक स्वतः येऊन तुमच्या जिन्यावर उभा राहून गेला असेल तर घर त्याच्या डोक्यात बसलंय. पंधरा दिवसांत ते काही निघत नाही.

आधी माझी बाजू सांगून टाकते. हे सदर लिहायला लागण्याआधी काही वर्षं मी मालिकांच्या सेटवर कंटिन्युइटी सांभाळायचे. नायिका पडवीत शिरली तेव्हा पिशवी डाव्या हातात होती की उजव्या, भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले होते, कप भरलेला होता की अर्धा, हे सगळं वहीत आणि फोटोत धरून ठेवायचं. कारण दार उघडण्याचा शॉट आज होतो आणि आत शिरण्याचा तीन आठवड्यांनी. म्हणजे तुम्हाला ज्यांची धास्ती वाटते, त्या बूट घालून फिरणाऱ्या शंभर माणसांत एक मीही होते.

फरशीचं आधी उरकते, कारण त्याची काळजी तुम्ही सगळ्यात जास्त करताय आणि तिची गरज सगळ्यात कमी आहे. बऱ्यापैकी युनिट असेल तर लाईट येण्याआधी जमिनीवर जाड पुठ्ठे किंवा रबरी शीट पडतात. लाईटच्या स्टँडच्या पायांना टेनिसचे चेंडू चिरून बसवतात, ओरखडे उठू नयेत म्हणून. कॅमेऱ्याच्या ट्रॉलीचे रूळ फळ्यांवर मांडतात. तरीही एखादी फरशी तडकते, कठड्याचं पॉलिश चिकटपट्टीबरोबर निघून येतं, भिंतीला खिळ्यांची भोकं पडतात. ते दुरुस्त होतं आणि त्याचे पैसेही मिळतात, फक्त आधीची अवस्था कागदावर आणि फोटोत हवी. शूटिंगच्या आदल्या दिवशी त्यांच्या माणसाला बरोबर घेऊन खोलीखोलीतून व्हिडिओ करा. कठडा जवळून, फरशीचे कोपरे जवळून, छताचे जुने डागसुद्धा. मग त्यावर दोघांच्या सह्या. जुना डाग आधीच नोंदवलेला असला की नव्या डागावर वाद होत नाही.

व्हिडिओत न येणाऱ्या गोष्टी मात्र असतात. आम्ही एकदा एका राहत्या घरात काम करत होतो. मागचं दार करकरायचं. साउंड रेकॉर्डिस्टला ते नको होतं, म्हणून स्पॉटदादाने बिजागऱ्यांत तेल सोडलं. दोन मिनिटांचं काम. त्या घरातल्या आजोबांची नजर गेलेली होती. आठवड्याने त्यांची सून माझ्याकडे आली आणि म्हणाली, बाबा दिवसभर 'कोण आलं, कोण आलं' विचारत बसतात. ती स्वतः दार सबंध उघडायची, तिचा मुलगा अर्धं उघडून तिरका घुसायचा, आणि दोन्ही वेळची करकर वेगळी होती. आजोबांना त्यावरून कळायचं. करारात 'वास्तू पूर्ववत करून देऊ' असं ठळक छापलेलं होतं. आता करकर पूर्ववत कशी करायची? दिग्दर्शकाला सांगितलं तर तो हसला. खोटं कशाला सांगू, तेव्हा मीही हसले होते.

त्याच घरात दिवाणखान्यात घरधन्याच्या वडिलांचा फोटो होता. तो उतरवून आम्ही मालिकेतल्या सासऱ्यांचा, म्हणजे एका नटाचा फोटो लावला होता. घरातल्या आजी सवयीने येता-जाता त्याला नमस्कार करायच्या आणि तो नट पडवीत बसून डबा खात असायचा. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःच मला सांगितलं, 'अहो, तो फोटो जरा वर लावा, मला कसंतरी होतंय.'

तुमच्या आईला आधीच सांगून ठेवा, अशा गोष्टी घडणार. टेकच्या वेळी, म्हणजे कॅमेरा चालू असताना, पंखा बंद, फ्रीज बंद. फ्रीजची घरघर माइकला ऐकू जाते. मग पॅकअपच्या गडबडीत तो चालू करायचा राहतो आणि सकाळी दूध नासतं. याला साउंडवाल्यांचा एक जुना उपाय आहे. फ्रीज बंद करताना ते आपल्या गाडीची किल्ली त्यात ठेवतात. किल्लीशिवाय घरी जाता येत नाही, म्हणजे फ्रीजकडे यावंच लागतं. तुमच्याकडे येणारा रेकॉर्डिस्ट हे करतो का ते पहिल्या दिवशी बघा. करत असेल तर युनिट जाणत्यांचं आहे, निम्मी काळजी तिथेच सोडा.

आता मला ज्याची खरी काळजी वाटते ते. तुमच्या पत्रात ते एका ओळीत येऊन गेलं आणि तुम्ही पुढे निघून गेलात. 'कुंपण कंबरेएवढं, पलीकडे लगेच रस्ता.'

अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बुकर्की शहरात एक साधं, एकमजली घर आहे. 'ब्रेकिंग बॅड' या मालिकेत (2008 ते 2013) ते नायकाचं घर म्हणून बाहेरून दिसतं. तिसऱ्या सीझनमध्ये नायक चिडून अख्खा पिझ्झा छपरावर भिरकावतो. मालिका लोकांनी डोक्यावर घेतली, आणि मग लोक खरे पिझ्झे घेऊन त्या घरासमोर यायला लागले. खऱ्या छपरावर फेकायला. आत खरी माणसं राहत होती. 2015 साली मालिकेचा कर्ता विन्स गिलिगन याला जाहीरपणे सांगावं लागलं की यात काही विनोद नाही, थांबवा हे. तरी लोक येतच राहिले आणि 2017 मध्ये घरच्यांनी शेवटी पुढे उंच लोखंडी कुंपण घातलं. तोवर मालिका संपून चार वर्षं झाली होती. शूटिंगचे पैसे मिळायचे कधीच बंद झाले होते, पाहुणे यायचे मात्र थांबले नव्हते.

इतक्या लांबही जायला नको. 'रात्रीस खेळ चाले' 2016 साली सुरू झाली तेव्हापासून सिंधुदुर्गातल्या आकेरीचं ते घर लोकांना 'नाईकांचा वाडा' म्हणूनच माहीत आहे. मालिका भुताखेतांची, म्हणजे लोक चार हात लांब राहतील असं वाटावं. झालं उलटंच. तळकोकणात फिरायला गेलेली माणसं वाट वाकडी करून तिथे फोटो काढायला जातात.

तुमचा भाऊ म्हणेल, मग चांगलंच की, घराचं नाव होईल. त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. इंग्लंडमधल्या हायक्लेअर कासलमध्ये 'डाउनटन अॅबी' (2010 ते 2015) चित्रित झाली. त्याच्या जरा आधी, वाडा आणि इस्टेट मिळून दुरुस्तीला सुमारे 1 कोटी 20 लाख पौंड लागतील अशा बातम्या येत होत्या आणि कितीतरी खोल्या राहण्याच्या लायकीच्या उरल्या नव्हत्या. मालिकेने जगभरातून माणसं आणली आणि तिकिटांच्या पैशांतून डागडुजीला हात लागला. त्याच देशातल्या कासल हॉवर्डचा मोठा भाग 1940 च्या आगीत जळाला होता. 'ब्राइड्सहेड रीव्हिजिटेड' ही मालिका (1981) तिथे झाली आणि त्या निमित्ताने तिथला गार्डन हॉल नव्याने उभा राहिला. म्हणजे मालिकेच्या पैशाने छप्पर होतं, हे भावाचं बरोबर आहे.

पण त्या वाड्यांना फाटक आहे. फाटकापासून दारापर्यंत चालत जायला वेळ लागतो, मध्ये तिकीटघर आहे, वाहनतळ आहे, उघडण्याच्या आणि बंद होण्याच्या वेळा आहेत. तुमच्या आईकडे दारावरची बेल आहे. येणारा माणूस सरळ बेल वाजवणार, आणि ती दार उघडणार. सुरुवातीला हौसेने उघडेल, चहासुद्धा विचारेल. दुसऱ्या वर्षी?

घर विकायला काढाल तेव्हा भाव चढेल असंही कोणी सांगेल. अमेरिकेत 'द ब्रेडी बंच' (1969 ते 1974) मध्ये जे घर बाहेरून दिसायचं, ते 2018 साली एका वाहिनीने 35 लाख डॉलरला घेतलं. मागितलेल्या किमतीच्या जवळजवळ दुप्पट. मूळ मालिकेत त्या घराच्या आतलं काही कधी दिसलंच नव्हतं, आतलं सगळं स्टुडिओतलं होतं. वाहिनीने भरपूर खर्च करून खरं घर आतून त्या सेटसारखं करून घेतलं, त्यावर एक वेगळा कार्यक्रम काढला, आणि 2023 मध्ये ते 32 लाखांना विकलं. वाहिनीचं कार्यक्रमात भागलं असेल. तुमच्या भावाने त्या गणितावर विसंबू नये.

म्हणून माझं मत असं की घर द्या, पण त्याचा चेहरा देऊ नका. त्याला मेकअप करायला लावा.

हे काही मी हवेतलं सांगत नाही, कला दिग्दर्शकांचा हा रोजचा धंदा आहे. त्याच 'ब्रेडी बंच'च्या घराला वरचा मजला आहे असं भासावं म्हणून दर्शनी भागावर एक खोटी खिडकी लटकवली होती. 'ब्रिजर्टन' या मालिकेत ज्या घरावर जांभळ्या विस्टेरियाचा वेल लगडलेला दिसतो, ते लंडनच्या ग्रिनिचमधलं रेंजर्स हाऊस. खऱ्या इमारतीवर तसला वेल नाही, फुलं नकली होती. आता प्रेक्षक तिथे जातात आणि वेल शोधत उभे राहतात! तुम्हालाही हेच हवंय. कला दिग्दर्शकाला सांगा, पडवीच्या दर्शनी भागाला खोटी जाळी किंवा कमान लावा, कुंपणाच्या जागी प्लायची उंच भिंत आणि फाटक उभं करा, दरवाजाचा रंग बदला, भिंतीवर निराळं नाव लावा. शूटिंग संपलं की सगळं उतरवायचं. मग मालिका कितीही गाजली तरी रस्त्यावरून जाणाऱ्याला तुमचं घर तुमचंच दिसेल. जी गोष्ट लपत नाही, तुमच्या घराचं ते दुमजली छप्पर किंवा शेजारचं मोठं झाड असेल तर ते, ती लांबच्या शॉटमध्ये घ्यायची नाही. आणि घराचा पत्ता, गावाचं किंवा गल्लीचं नाव प्रसिद्धीत कुठेही द्यायचं नाही, कलाकारांनी पडवीतून रील टाकायचे नाहीत. हे शेवटचं करारात लिहून घ्याच. हल्ली घर मालिकेतून फुटत नाही, फोनमधून फुटतं.

एवढा खर्च करायची त्यांची तयारी नसेल तर त्यांना तुमच्या घराचा फक्त चेहराच हवाय, असं समजा. मग त्याची किंमतही चेहऱ्याची लावा, आणि त्यात उंच कुंपण त्यांच्याकडून बांधून घ्या. आधी, नंतर नाही.

स्वयंपाकघराबद्दल मी ठाम आहे. देऊ नका. त्यांना ते हवंय कारण ते आयतं आहे. पण खऱ्या स्वयंपाकघरात शूटिंग करणं त्यांनाही जड जातं हे ते तुम्हाला सांगणार नाहीत. कॅमेऱ्याला मागे सरकायला जागा लागते, खऱ्या घरात भिंत पाठीला लागते. सेटवर नको ती भिंत काढून बाजूला ठेवता येते, वर छत नसतं म्हणून लाईट वरून टांगता येतात. म्हणूनच जगभर बाहेरचं घर खरं आणि आतलं घर लाकडाचं, असा प्रकार चालतो. 'डाउनटन'मधल्या नोकरांचं स्वयंपाकघर हायक्लेअरमध्ये नव्हतंच, ते लंडनच्या ईलिंग स्टुडिओतला सेट होता. नोकर ताट घेऊन स्वयंपाकघरातून निघायचा स्टुडिओत आणि जेवणघरात पोचायचा पार दुसऱ्या परगण्यात, कितीतरी दिवसांनी. (माझ्यासारखी जी कोणी वही घेऊन बसली असेल, तिची मला दया येते.) 'डॉक मार्टिन'मधलं डॉक्टरांचं घर म्हणजे कॉर्नवॉलच्या पोर्ट आयझॅकमधली एक छोटीशी कॉटेज, तुमच्या घरापेक्षा लहान असेल. आतल्या खोल्या मात्र जवळच्याच एका शेतावरच्या कोठारात उभारलेल्या. तेव्हा 'स्वयंपाकघराचा सेट लावा, मापं आणि फोटो हवे तेवढे घ्या' असं सरळ सांगा. मालिका लांबणार असेल तर सेट त्यांनाही स्वस्त पडतो.

यात एक मेख आहे, ती समजून घ्या. 'द सोप्रानोज'चा पहिला भाग न्यू जर्सीतल्या एका खऱ्या घरात आतूनही चित्रित झाला. मालिका पुढे चालणार हे ठरल्यावर त्यांनी घराच्या आतल्या खोल्या न्यूयॉर्कमधल्या स्टुडिओत जशाच्या तशा उभ्या केल्या आणि मग मूळ घरी मुख्यतः बाहेरच्या शॉटपुरते जायला लागले. तुमच्या करारातही बहुधा बारीक अक्षरात असं वाक्य असेल की वास्तूची प्रतिकृती करण्याचा हक्क कंपनीला राहील. त्यात वाईट काही नाही, तुम्हाला ते सोयीचंच आहे. पण भाऊ सहा महिन्यांच्या भाड्याचा हिशेब धरून बसला असेल आणि ते दीड महिन्यात दिवाणखान्याची मापं घेऊन निघून गेले, तर? म्हणून किमान इतक्या दिवसांचे पैसे मिळणारच अशी अट घाला, आणि प्रतिकृती केली तर त्याची वेगळी एकरकमी रक्कम मागा. मिळेलच असं नाही. मागायला काय जातं!

'पुढचं टीआरपीवर' हे वाक्य मात्र तसंच्या तसं फेटाळा. सिनेमा तीस दिवसांत उरकून जातो, रोजच्या मालिकेला शेवट नसतो. चालली तर चार वर्षं, पडली तर चार महिन्यांत गाशा गुंडाळला. पहिला करार तीन महिन्यांचा करा. वाढवायचा असेल तर महिनाभर आधी लेखी कळवायचं, भाडं वाढवायचं, आणि तिघांपैकी एकानेही नको म्हटलं तर वाढवायचा नाही.

भाडं कशाकशाचं, हेही ठरवा. शूटिंगच्या दिवसांचं देतात, ते सगळे सांगतात. तयारीच्या आणि आवराआवरीच्या दिवसांचं विचारल्याशिवाय कोणी काढत नाही. आणि तिसरा प्रकार सगळ्यात वाईट: दिवाणखाना मांडून ठेवलाय, शूटिंग चार दिवसांनी आहे, मधल्या काळात कोणी काही हलवायचं नाही. याला 'हॉट सेट' म्हणतात. तेवढे दिवस आई स्वतःच्या दिवाणखान्यातली खुर्चीसुद्धा सरकवू शकणार नाही. त्या दिवसांचंही भाडं हवं, आणि असे दिवस महिन्यात किती याची मर्यादा हवी.

बाकीचं भराभर सांगते. करार निर्मिती कंपनीशी करा, लोकेशन मॅनेजरच्या शब्दावर आणि चिठ्ठीवर नको. तो उद्या दुसऱ्या मालिकेवर असेल. सही करण्याआधी वकिलाला दाखवा. वीज त्यांच्या जनरेटरची. तुमच्या घरातल्या जुन्या वायरिंगवर त्यांचे लाईट लागले तर काय होईल ते सांगायला नको. स्वच्छतागृहं त्यांनी बाहेर वेगळी आणायची. अनामत रक्कम शेवटचा हिशेब होईपर्यंत तुमच्याकडे. नुकसानीचा आणि अपघाताचा विमा त्यांचा, त्यात तुम्हा तिघांची नावं घालून घ्यायची, आणि त्याची प्रत पहिली गाडी अंगणात शिरण्याआधी हातात हवी. तुमचा स्वतःचा घराचा विमा असेल तर त्या कंपनीलाही आधी कळवा. राहत्या घरात धंद्याचं काम चाललं होतं म्हणून दावा नाकारला जाऊ शकतो. आग, फटाके, खोटा पाऊस, जनावरं यांना लेखी परवानगीशिवाय मनाई. पॅकअपची वेळ ठरवा, आणि शेजाऱ्यांकडे कंपनीच्या माणसाआधी तुम्ही स्वतः जा. रात्री अकराला झगमगणारे लाईट आणि गल्लीत लागलेल्या आठ गाड्या यांचे पैसे त्यांना मिळणार नाहीत, तुम्हाला मिळणार आहेत, हे ते विसरत नसतात.

कथानकावर तुमचा अधिकार चालणार नाही, तो कोणी देत नाही. पण त्या घरात काय काय घडणार आहे हे थोडक्यात विचारा. तुमच्या वडिलांच्या खोलीत कोणाला तरी विष पाजलं जाणार असेल तर ते आईला टीव्हीवर कळायला नको.

राहिली आई. तुम्ही लिहिलंय की तिचा आनंद हिरावला जाईल. मला वाटतं, तो आनंद मालिकेचा कमी आणि माणसांचा जास्त आहे. घरात कोणी येणार, विचारपूस करणार, जिन्यावर पावलं वाजणार. ते मी सेटवर पाहिलंय. पहिल्या आठवड्यात घरातली म्हातारी माणसं नटूनथटून बसतात, सगळ्यांशी बोलतात. मग त्यांच्या लक्षात येतं की एकच वाक्य अकरा वेळा म्हणतात, आपण खोकलो की टेक बिघडतो, आणि ज्या नायिकेवर आपला जीव आहे ती फोनमध्ये डोकं घालून बसते. दुसऱ्या आठवड्यात ती माणसं आतल्या खोलीत सरकतात. तिसऱ्या आठवड्यात 'जरा हळू बोला' हे त्यांना त्यांच्याच घरात ऐकावं लागतं.

तेव्हा वरची एक खोली, तिला लागून न्हाणीघर आणि स्वयंपाकघर, एवढा भाग पूर्णपणे तिचा, कुलूप तिच्याकडे, असं आखून घ्या. वर जायचा जिना शूटिंगमध्ये अडकणार असेल तर हा बेत खालच्या मजल्यावर बसवावा लागेल, ते घर बघूनच ठरवा. आणि युनिटमधल्या एका माणसाचं नाव ठरवून घ्या, ज्याला आई कधीही हाक मारू शकेल. प्रॉडक्शनचा एखादा समजूतदार मुलगा असतोच.

सही करण्याआधी आणखी एक करा. कंपनीकडे एक दिवस चाचणी म्हणून मागा, पूर्ण युनिटसह, त्या दिवसाचं भाडं घेऊन. त्या दिवशी तुम्ही आणि भाऊ दोघंही तिथे राहा, पण मध्ये पडू नका. दुपारी दोन ते चार आई कुठे बसते, झोपते की नाही, चहा कोणाच्या परवानगीने करते, एवढंच बघा. संध्याकाळी पॅकअप झाल्यावर भाड्याचा विषय न काढता तिला विचारा, उद्या परत आले तर चालतील का. ती काय म्हणाली ते भावालाही तुमच्याबरोबरच ऐकू द्या.

आणि त्या दिवशी मागच्या दाराला कोणी तेल घालायला निघालं, तर आधी आईला विचारा.